परभणीत राहायला लागणाऱ्या वस्तू

परदेशात शिकायला निघालेल्या मुलांनी बरोबर काय काय न्यावं, हे हल्ली कुणीही सांगतं. कुकर न्या, लोणचं न्या, उबदार कपडे न्या. माझ्याकडे जी यादी आहे ती उलट्या दिशेची आहे. परदेशातून परभणीला शिकायला आलेल्या माणसाला काय काय विकत घ्यावं लागतं, याची. ती मी सहा महिन्यांत तीनदा केली. मी मुलींच्या शाळेत गणित शिकवते, तेव्हा एकच उदाहरण तीनदा सोडवायला लागणं मला फारसं आवडलं नव्हतं.

शेतकी कॉलेजातले एक प्राध्यापक माझ्या नवऱ्याच्या ओळखीचे. जुलै महिन्यात ते संध्याकाळी घरी आले, तेव्हा त्यांच्यामागे एक उंच, सडपातळ, काळा माणूस दारात वाकून उभा होता. वाकून यासाठी, की आमच्या दाराची चौकट बुटकी आहे.

"हे इथिओपियाचे," सर म्हणाले. "आफ्रिकेतून. ज्वारीवर दोन वर्षांचा अभ्यास करायचाय. होस्टेलात जागा न्हाई. तुमची मागची खोली रिकामीच हाय म्हणून आलो."

खोली रिकामी होती हे खरं. ती का रिकामी होती, तेही लिहिते. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून गावोगावी जे झालं, त्यानंतर आमच्याकडे खोली देताना लोक आधी आडनाव विचारत. पूर्वीही विचारत, पण आता उघड विचारत. मीही विचारलं होतं. आदल्या वर्षी एका मुलाचं आडनाव ऐकून मी त्याला खोली दिली गेली असं सांगितलं आणि नंतर ती तशीच पडून राहिली. ते चूक होतं. तेव्हा मला तो व्यवहार वाटला.

सवयीनं मी ह्यांनाही आडनाव विचारलं. मी इंग्रजीत बोलत होते, तेही इंग्रजीतच बोलत होते, दोघांचंही इंग्रजी पुस्तकातलं, त्यामुळे बरं चाललं होतं. त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं, मग वडिलांचं.

"आणि आडनाव?"

"तसं काही नसतं, मॅडम. मी आणि माझे वडील. एवढंच."

मी नवऱ्याकडे बघितलं. नवरा सरांकडे बघायला लागला. सर म्हणाले, "त्यांच्याकडं नसतंच म्हणे." पुढे काय विचारायचं ते मला सुचेना. खोली दिली.

शेजारच्या बाईंना हे पटलं नाही. त्या भिंतीवरून म्हणाल्या, "आडनाव न्हाई म्हंजी? मग जात कशी कळायची?"

"कळत नाही."

"आन मग त्येचा कप कुठं ठेवायचा?"

मी वेगळा ठेवला. पण माझ्या घरातले सगळे कप एकाच डझनातले. आठ दिवसांत त्याचा कप कोणता ते मलाच कळेनासं झालं, आणि मी तो विषय सोडला.

पहिली यादी मी केली ती रविवारी. खोलीत एक खुंटी आणि एक बल्ब एवढंच होतं. बादली, टमरेल, तांब्या, बाज, सतरंजी, मच्छरदाणी, कंदील, दोन कुलपं, पाण्याचा माठ, रॉकेलचा स्टोव्ह आणि त्याच्या पिना. आम्ही दोघं बाजारात गेलो. मी पुढे, तो मागे, आणि त्याच्या मागे निम्मा बाजार. भांड्यांच्या दुकानदाराने प्रत्येक वस्तूबरोबर मलाच प्रश्न विचारला, त्याच्याकडे बघत. "ह्येंना टमरेल कळतंय का बाई?" मी म्हटलं, कळेल. मी त्याला इंग्रजीत समजावलं. एका बाईने भर बाजारात परक्या पुरुषाला टमरेलाचा उपयोग इंग्रजीत समजावणं सोपं नाही. त्याने गंभीरपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आमच्याकडेही पाणीच वापरतात, मॅडम."

दोन कुलपं कशाला, हे मात्र त्याला समजेना. एक दाराला, एक पेटीला, मी म्हटलं. "पण पेटी खोलीत आणि खोली बंद," तो म्हणाला. त्याला उत्तर देताना माझ्या लक्षात आलं की मलाही ते नीट माहीत नाही. आमच्याकडे दोन घेतात.

रॉकेल कार्डावर मिळायचं आणि त्याच्याकडे कार्ड नव्हतं. आमच्या कार्डावर मी जास्तीचं मागितलं. रेशन दुकानदाराने चष्मा वर केला. "कार्डावर पाच नावं हायेत. हे सहावं कोण म्हणून लिहू? भाऊ, दीर, का जावई?"

रांगेतल्या बायका हसल्या. तो काय झालं म्हणून माझ्याकडे बघायला लागला. मी भाषांतर केलं नाही. दुकानदाराने मापात थोडं जास्त घातलं आणि कुठंच काही लिहिलं नाही.

अशी पहिली यादी संपली. राहण्यासाठी जे लागतं ते सगळं त्यात होतं. खाण्याचा मी विचार केला नव्हता, कारण तो कॉलेजच्या मेसमध्ये जेवणार होता.

ऑगस्टमध्ये त्याचं पोट बिघडलं. पंधरा दिवस तो खोलीत पडून होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, जुलाब थांबले, पण त्यानंतर त्याला जेवण जाईना. मेसचा डबा मी खोलीवर मागवला, तर तो तसाच परत जायचा. सर म्हणाले, आपलं तिखट सोसत नसेल. मलाही तसंच वाटलं. परदेशी माणूस म्हटल्यावर माझ्या डोक्यात पाव, लोणी आणि जॅम. ही दुसरी यादी. पाव स्टेशनजवळच्या बेकरीतून, जॅमची बाटली मोठ्या दुकानातून, लोणी गवळणीकडून. रोज सकाळी ताटलीत मांडून द्यायची. तो रोज आभार मानून खायचा, आणि त्याच्या शर्टाची कॉलर मानेभोवती आणखी सैल व्हायची.

हे तिखटाचं प्रकरण अगदी सहज उघडकीला आलं. मी मागच्या ओसरीत येसर कुटत होते. आमच्या मराठवाड्यात आमटीला लावायचं हे भाजक्या धान्यांचं आणि मसाल्यांचं तिखट पीठ. मिरच्यांच्या ठसक्यामुळे मी तोंडाला पदर बांधला होता. तो खोलीतून आला, वाकून बघितलं, बोटावर चिमूटभर घेतलं आणि चाटलं. मी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्याने तो घेतला नाही. पुन्हा एक चिमूट घेतली.

"हे आमच्याकडे आहे," तो म्हणाला. "जवळजवळ हेच."

"मग तुम्हाला तिखट चालतं?"

"मॅडम, तुमच्या मेसच्या भाजीला तिखटच नसतं."

"आणि जॅम?"

त्याने बोट पुसलं. "जॅम मी पूर्वी कधी खाल्लं नव्हतं," तो म्हणाला.

म्हणजे महिनाभर आम्ही एका माणसाला त्याच्या गावी नसलेलं जेवण त्याच्या गावचं म्हणून चारत होतो. मी जॅमची बाटली घरात आणली. मुलांनी दोन दिवसांत संपवली.

पुढचा घोटाळा उपासाचा. तो बुधवारी आणि शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत काही खात नाही हे माझ्या लक्षात आलं. विचारलं, तर म्हणाला, आमच्या ख्रिस्ती धर्मात हे दोन दिवस उपास असतो. भिंतीपलीकडच्या बाईंनी ते ऐकलं आणि त्यांचा चेहराच बदलला.

"उपास करतो? दोन वार? मग तसं सांगायचं की बाई. मला वाटलं कोण की काय."

त्यांनी स्वतः येऊन सांगितलं काय काय आणायचं ते. साबुदाणा, भगर, शेंगदाणे, रताळी, दूध आणि घरचं तूप. मी स्वतः उपास करत नाही, शाळेत पाच तास उभं राहून ते जमत नाही, पण उपासाचं करता येतं. शुक्रवारी तीन वाजता भगर, वरून तुपाची धार, बाजूला पेलाभर दूध असं ताट मी त्याच्यापुढे ठेवलं. शेजारच्या बाई दारात उभ्या राहिल्या, बघायला.

त्याने दुधाचा पेला हळूच बाजूला सरकवला. भगरीवरचं तूप बघितलं, आणि भगरही सरकवली. रताळं खाल्लं.

"काय झालं?"

"उपासाला दूध-तूप चालत नाही, मॅडम. जनावराचं काहीच नाही." मग अगदी संकोचाने, "थोडी डाळ असेल का? आणि ती तुमची ज्वारीची भाकरी?"

बाईंना मी मराठीत सांगितलं. त्या म्हणाल्या, "भाकर? उपासाला? मग मोडला की उपास."

मी त्याला विचारलं. तो म्हणाला, भाकरीने मोडत नाही, तुपाने मोडतो. आमच्याकडे भाकरीने मोडतो आणि तुपाने मोडत नाही. मी दोघांच्या मधे उभी होते. वरण बिनतुपाचं होतं, ते दिलं, भाकरी दिली. त्याने पाऊण भाकरी खाल्ली आणि हात थांबला.

"आवडली नाही?"

"चव ओळखीची आहे. पण घशात अडकते." तो शब्द शोधत होता. "पोट भरतं, मॅडम. जेवलो असं वाटत नाही."

हे मात्र मला लगेच कळलं. माझा नवरा एकदा ट्रेनिंगला कोकणात दोन महिने होता. रोज भात. परत आला तेव्हा हेच वाक्य बोलला होता.

दिवाळीनंतर सर आले ते एकटेच, आणि बसले ते चहा न घेता. त्यांच्या खिशात एक अर्ज होता. प्रकृतीच्या कारणास्तव शिक्षण सोडून मायदेशी परत जाण्याची परवानगी मिळावी. खाली त्याची सही.

"मी अजून पुढं पाठवला न्हाई," सर म्हणाले. "संक्रांतीपर्यंत दाबून ठेवतो. तवर ह्यो माणूस जेवायला लागला तर ठीक. न्हाईतर जाऊ द्या."

मी मागे जाऊन त्याला विचारलं. त्याने लपवलं नाही. रोज शेतात उभं राहायचं आणि कणसं मोजायची एवढंच त्याचं काम, पण तासाभरात डोळ्यांपुढे अंधारी यायची.

"बरे होऊन पुन्हा या," मी म्हटलं.

"एकदा परत गेलो की आमचं सरकार पुन्हा सोडणार नाही. गेलो की संपलं."

"मग तुम्हाला इथे नेमकं काय हवंय? तुम्ही यादी सांगा. मी माझ्या मनाने करणार नाही."

ही तिसरी यादी, आणि तीत एकच वस्तू होती. त्याने कागदावर एक मोठं वर्तुळ काढलं. सपाट मातीचा तवा, दोन्ही हात पसरावे एवढा, आणि त्याच्यावर झाकण. त्याच्यावर त्याची आई आंबवलेल्या पिठाचं एक मोठं, मऊ, भोकं भोकं असलेलं काहीतरी करत असे. ते ताटात अंथरायचं आणि त्याचाच तुकडा मोडून कालवण खायचं. त्यांच्या गावात ते ज्वारीचंच करतात. मी म्हटलं, अहो, हे धिरडं. तो म्हणाला, असेल.

"पीठ किती दिवस आंबवायचं?"

"माहीत नाही."

"पातळ किती?"

"माहीत नाही, मॅडम. मी स्वयंपाकघरात कधी गेलो नाही."

हे ऐकून मला पहिल्यांदा तो माणूस ओळखीचा वाटला. असा पुरुष माझ्या घरातही आहे.

आणि त्यातच त्यांचा मोठा उपास सुरू झाला. नाताळच्या आधी चाळीसेक दिवस, आणि त्यांचा नाताळ सात जानेवारीला. नेमकं ज्या दिवसांत त्याला दूध-दही पाजावं, त्या दिवसांत दूध-दही बंद. सर म्हणाले, "त्यांना सांगा की औंदा सोडा." मी विचारलं. तो नाही म्हणाला, आणि मी पुन्हा विचारलं नाही. संक्रांत त्यांच्या नाताळानंतर बरोबर सात दिवसांनी होती. मोजायला मला वेळ लागला नाही. बाकीचं काहीच मोजता येत नव्हतं.

कुंभाराकडे आम्ही गेलो तेव्हा कुंभारीण माती तुडवत होती. त्याने हात पसरून माप दाखवलं.

"एवढ्या तव्यावर भाकर न्हाई, सतरंजी भाजायची दिसती," ती म्हणाली.

कुंभाराने कागद उलटासुलटा करून बघितला. "सपाट भांडं भट्टीत टिकत न्हाई, बाई. भांड्याला पोट लागतं. पोट नसलं की तडकतं."

"ह्येंच्या मुलखात करत्यात का असं?" कुंभारणीने मला विचारलं.

"करतात म्हणतात."

"मग तिथल्या कुंभाराला जमतंय," ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "आन आमच्यात पोटाचंच भांडं होतंय."

कुंभार आठ दिवसांनी या म्हणाला. पहिला तवा तडकला. दुसराही तडकला. तिसरा टिकला, एका बाजूला बोटभर वाकला होता. झाकण मी तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा देऊन पत्रेवाल्याकडून करून घेतलं.

तोपर्यंत तो स्टोव्ह निरुपयोगी आहे हे कळलं. जाळ मधोमध एवढासा आणि तवा केवढा. मी मागच्या अंगणात तीन दगडांची चूल मांडली आणि जळणाला तुराट्यांचा, तुरीच्या वाळक्या काटक्यांचा, एक भारा विकत आणला. ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून तीन दिवस ठेवलं. आंबट वास सुटला. त्याचं मला काही वाटलं नाही, उन्हाळ्यात आमच्याकडे आंबील अशीच करतात. शेजारच्या बाई म्हणाल्या, "आंबील तव्यावर कोण वततं?" मी म्हटलं, बघू.

ओतली. तव्याने ती धरून ठेवली. उलथन्याने खरवडून काढली तेव्हा हातात भुसा आला. दुसऱ्या दिवशी तेल लावून बघितलं. माती तेल पिऊन बसली आणि पीठ तसंच चिकटलं. भोकं तर कुठेच नव्हती. चौथ्या दिवशी तो म्हणाला, मॅडम, पुरे. मी म्हटलं, तुमच्या आईला लिहिलेल्या पत्राचं काय झालं?

ते त्याने तवा मागितला त्याच दिवशी लिहिलं होतं, माझ्याच सांगण्यावरून. पत्र जायला किती दिवस लागतील, यायला किती, आईला वाचून कोण दाखवणार, काहीच ठाऊक नव्हतं. डिसेंबर निम्मा संपला. तो भाकरी वरणात कुस्करून, पातळ करून पिऊन जगत होता. शेतात जाणं त्याने बंद केलं होतं. एकदा मी शाळेतून आले तेव्हा तो पेटी उघडून पुस्तकं त्यात रचत होता. मला बघून त्याने झाकण लावलं.

पत्र आलं ते नाताळच्या सुट्टीत. आमच्या नाताळच्या, त्यांच्या नाही. आईने सांगितलेलं भावाने लिहिलेलं. त्याने ते इंग्रजीत वाचलं, मी पाठकोऱ्या कागदावर मराठीत उतरवून घेतलं. पान भरून होतं आणि त्यात एकही माप नव्हतं. पुरेसं पाणी. बेताचा जाळ. हाताला कळेल तेव्हा. गणिताच्या शिक्षिकेने यातून काय घ्यायचं? पण दोन गोष्टी नव्या होत्या. एक, आंबलेल्या पिठातलं थोडं काढून, शिजवून, पुन्हा त्याच पिठात घालायचं. दुसरी, नवा तवा तापवून त्याच्यावर एक कुटलेलं बी घासायचं. दिवसभर घासायचं, तवा काळा होईपर्यंत. त्या बीचं नाव त्याला फक्त त्याच्या भाषेत येत होतं.

"दिसायला कसं?"

"काळं. लहान."

मोहरीही काळी आणि लहान असते. मी त्याला भुसार दुकानात नेलं आणि पोत्यांपुढे उभं केलं. मोहरी, तीळ, जवस, करडई, सरकी. तो एकेकात हात घालून बघत होता. दुकानदार आधी मराठीत बोलत होता, मग परका माणूस बघून उर्दूवर आला. "साहब को क्या होना, बाई? बताव तो सही." बताव म्हणे. मला काय होना तेच माहीत नव्हतं.

कोपऱ्यातल्या अर्ध्या पोत्यापाशी तो थांबला. मूठभर बी घेतलं, तोंडात टाकलं, चावलं.

"नूग," तो म्हणाला.

ते कारळ होतं. ज्याची आम्ही चटणी करतो ते. हे बी एवढ्या लांब कसं गेलं, की तिकडूनच इकडे आलं, हे मला आजही माहीत नाही. दुकानदार म्हणाला, "ये तो कारळ है. इत्तीशी बात." दोन शेर घेतलं.

कुटलं मी, घासलं त्याने. सकाळपासून चुलीपुढे बसून, जुन्या सुती चिंध्यांचा बोळा करून. अंगण धुराने आणि जळक्या तेलाच्या वासाने भरलं. नवरा दोनदा डोकावला. "काय चाललंय?" त्याने मला विचारलं. मी म्हटलं, मला विचारू नका. संध्याकाळी तवा काळा आणि गुळगुळीत झाला होता, हात फिरवला तर काचेसारखा. पीठ थंडीने आंबत नव्हतं म्हणून मी ते गोधडीत गुंडाळून चुलीजवळ ठेवलं. मग थोडं शिजवून परत घातलं. ते मला चूकच वाटत होतं. शिजलेलं कच्च्यात घालायचं कशाला? पण तिसऱ्या सकाळी पिठाला बुडबुडे आले.

त्यांच्या नाताळच्या आदल्या दिवशी पहिलं टाकलं. तो ओतत होता, मी जाळ बघत होते. कडेकडून आत असं गोल गोल ओतायचं, हे त्याला आठवलं, लहानपणी बघितलेलं. पीठ तव्यावर पसरलं आणि त्याला भोकांचे डोळे पडायला लागले. शेकडो. चिकटलं नव्हतं. कडा आपणहून सुटायला लागल्या.

आणि मी उलथनं खाली घालून ते उलटलं.

का, म्हणाल तर हात सवयीचा. धिरडं उलटतात. भाकरी उलटतात. वीस-बावीस वर्षं तव्यावरचं मी उलटतच आले आहे. त्याच्या तोंडून श्वास जोरात बाहेर आला. डोळे बुजले, सगळं तव्यावर सपाट दाबलं गेलं, मधेच फाटलं.

"उलटायचं नसतं, मॅडम. झाकायचं असतं. फक्त एक बाजू."

"आईने लिहिलं नव्हतं."

"आईला वाटलं नसेल की कुणी उलटेल."

दुसऱ्याच्या वेळी मी दोन्ही हात पदरात गुंडाळून बसले. त्याने ओतलं, डोळे पडले, त्याने पत्र्याचं झाकण ठेवलं, थांबला, काढलं. मग त्याच्या सुटलेल्या कडेखालून सुपासारखं काहीतरी सारावं लागतं, ते आमच्याकडे नव्हतं. मी खरंच घरातलं सूप आणलं. ते त्यावर घसरून आलं, अख्खं, थरथरत. त्याने ते परातीत अंथरलं. मी त्यावर येसर घातलेली मसुराची आमटी ओतली. त्याने उभ्याउभ्याच एका कडेचा तुकडा तोडला, आमटी त्यात गुंडाळली आणि खाल्लं. मग खाली बसला. कडा संपेपर्यंत वर बघितलं नाही. मग आमटीने भिजलेला मधला भाग खाल्ला आणि आणखी एक टाकायला उठला.

मीही एक तुकडा खाल्ला. आंबट, स्पंजासारखं. मला नाही आवडलं. शेजारच्या बाईंना भिंतीवरून दिलं. त्यांनी जिभेवर ठेवलं, "बिघडलंय," म्हणाल्या, आणि तरी संपवलं.

त्या आठवड्यात त्याने तीनदा पीठ भिजवलं. उपास संपला होता, पण त्याने दूध मागितलं नाही, ज्वारी मागितली. बाजारात सतत कानावर पडून की काय, तो मला मॅडमऐवजी बाई म्हणायला लागला, माझ्या शाळेतल्या मुली म्हणतात तसं. शेतात तो अर्धा दिवस जायला लागला. हे खरंच त्या तव्यामुळे झालं, की आईचं पत्र आल्यामुळे, की नुसताच एवढ्या महिन्यांनी आजार अंगातून गेला, हे मला सांगता येणार नाही. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांमुळे.

संक्रांतीला सकाळी सर आले. हातात तिळगुळाची पुडी आणि खिशात तो अर्ज. मी त्यांना मागच्या अंगणात नेलं. तो चुलीपुढे बसला होता, तोंडावर धूर, शर्टाच्या बाह्या वर.

"अर्जाचं काय करायचं?" सरांनी इंग्रजीत विचारलं. "आज पाठवायचा की नाही ते सांगा."

त्याने एक हात वर करून सरांना थांबायला सांगितलं, कारण तव्यावर झाकण होतं आणि ते काढायची वेळ अजून झाली नव्हती. सर थांबले.